स्पीनहॅमलंडचा पाव

इंग्लंडांतील बार्कशायर परगण्यांत न्यूबरी गांवाच्या लगत स्पीनहॅमलंड नांवाची एक वस्ती होती. लंडनहून बाथकडे जाणारा घोडागाड्यांचा रस्ता तेथून जात असे, आणि त्या रस्त्यावर ‘पेलिकन’ नांवाची एक सराई होती. ता. ६ मे १७९५ रोजीं परगण्याचे मॅजिस्ट्रेट या सराईंत जमले. त्यांनीं त्या दिवशीं जें कोष्टक मंजूर केलें त्याला पार्लमेंटच्या कायद्याचें पाठबळ नव्हतें. पावणेदोनशें वर्षांनंतर अटलांटिक महासागराच्या पलीकडे, अमेरिकेच्या अध्यक्षाच्या कचेरींत, आपल्या या निर्णयाची साक्ष काढली जाईल असें तेथें जमलेल्यांपैकीं कोणाच्या स्वप्नांतहि आलें नसेल. ज्या घरांत खाणारीं तोंडें पुष्कळ व कमावणारे हात थोडे, अशा घराला सरकारनें किमान उत्पन्नाची हमी द्यावी कीं नाहीं, हा प्रश्न इंग्रजी भाषा बोलणाऱ्या देशांत जेव्हां जेव्हां निघाला तेव्हां तेव्हां या कोष्टकाची सांवली त्यावर पडलेली दिसते. ती सांवली कितपत खरी आहे, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम प्रसंग लक्षांत घेतला पाहिजे. १७९३ पासून इंग्लंडचें फ्रान्सशीं युद्ध चालू होतें. १७९४ चें पीक बेताचें आलें, मागून आलेला हिंवाळा अतिशय कडक पडला, आणि १७९५ च्या वसंतांत गव्हाचा भाव कडाडला. ठिकठिकाणीं पावासाठीं दंगे होऊं लागले. शेतमजुराची मजुरी मात्र जेथल्या तेथेंच होती. गायरानांना कुंपणें घालून तीं खाजगी मालकीचीं करण्याचा सपाटा त्या शतकांत चालला होता. त्यामुळें एखादी गाय चारण्याची किंवा सरपण वेंचण्याची जी सोय होती ती पुष्कळांची बुडाली होती. सूत कातून बायकामुलें घरांत चार पैशांची भर घालीत, तेंहि काम नव्या यंत्रांनीं ओढून नेण्यास आरंभ केला होता. सारांश, कुटुंबाचा सगळा भार एका माणसाच्या मजुरीवर येऊन पडला, आणि ती मजुरी पावाच्या भावापुढें थिटी पडूं लागली.

सराईंत जमलेल्या मंडळींपुढें मूळ विषय होता तो मजुरीचे दर ठरविण्याचा. एलिझाबेथ राणीच्या काळच्या एका जुन्या कायद्यानें मॅजिस्ट्रेटांना तसा अधिकारहि होता. परंतु मालकांवर सक्ती करण्याचें धाडस त्यांना झालें नाहीं. मजुरी वाढवावी अशी मालकांना नुसती शिफारस करून त्यांनीं दुसरा मार्ग काढला. १६०१ च्या दरिद्री-साहाय्याच्या कायद्यान्वयें प्रत्येक पॅरिशला, म्हणजे एका चर्चच्या हद्दींतील गांवाला, जमीनधारकांवर कर बसवून निराधारांचें पोषण करावें लागे. याच करांतून काम करणाऱ्या मजुराचीहि तूट भरून द्यावी असें ठरलें. कोष्टक असें होतें: ८ पौंड ११ औंस वजनाच्या पावास एक शिलिंग पडत असेल तेव्हां प्रत्येक गरीब व उद्योगी मजुराला स्वतःसाठीं आठवड्यास ३ शिलिंग, आणि बायकोसाठीं व घरांतील इतर प्रत्येक माणसासाठीं दीड शिलिंग मिळाला पाहिजे. हें त्यानें आपल्या व कुटुंबाच्या श्रमानें मिळवावें, आणि कमी पडेल तेवढें पॅरिशनें भरून द्यावें. पाव एका पेनीनें महागला कीं मजुराच्या नांवें ३ पेन्स व इतर प्रत्येकाच्या नांवें १ पेनी वाढावयाची. म्हणजे नवरा, बायको व दोन मुलें यांच्या घरांत आठवड्यास साडेसात शिलिंग यावयाचे. पाव एक शिलिंग चार पेन्सांवर चढला तर साडेनऊ.

वरवर पाहतां ही महागाईची तात्पुरती डागडुजी होती. परंतु तिच्या पोटांत एक तत्त्व होतें, आणि पुढचा सगळा वाद त्या तत्त्वाचाच आहे. मजुरी कामाच्या मापानें मिळते. भूक तोंडांच्या मापानें लागते. एकटा तरुण आणि चार लेकरांचा बाप एकाच शेतांत एकच नांगर धरतात व सायंकाळीं एकच मजुरी घेऊन घरीं जातात. पण त्यांच्या चुली सारख्या नसतात. ही तफावत बाजार आपण होऊन कधींहि भरून काढीत नाहीं, कारण मूल हें बाजाराच्या हिशेबांत येतच नाहीं. स्पीनहॅमलंडच्या मॅजिस्ट्रेटांनीं नकळत कां होईना, पण मुलाला हिशेबांत आणलें. खुद्द पंतप्रधान धाकटा पिट यानेंहि १७९६ च्या फेब्रुवारींत किमान मजुरीच्या बिलाला विरोध करतांना असें प्रतिपादन केलें कीं, मोठ्या कुटुंबाला मिळणारी मदत ही नामुष्कीची बाब न समजतां हक्काची व मानाची बाब समजली जावी. त्यानें या धर्तीवर स्वतःचें एक बिलहि पुढें आणलें. पण त्यावर चोहोंकडून टीका झाली व तें १७९७ त सोडून द्यावें लागलें.

वारें लवकरच फिरलें. १७९८ सालीं माल्थसचा लोकसंख्येवरील निबंध प्रसिद्ध झाला. दरिद्र्यांना पोसण्याचे कायदे ज्या दरिद्र्यांना पोसतात त्यांना ते स्वतःच उत्पन्न करतात, असा त्याचा आरोप होता. मुलामागें भत्ता मिळणार असें कळलें कीं गरीब लोक अविचारानें लग्नें करतील, मुलें वाढतील, अन्न तेवढेंच राहील आणि सर्वांचेंच दारिद्र्य वाढेल, अशी ही सरळ दिसणारी सांखळी होती. करदात्यांना ती पटण्यास वेळ लागला नाहीं, कारण युद्ध संपल्यावर शेतमालाचे भाव कोसळले होते आणि दरिद्री-कराचा बोजा मात्र डोळ्यांवर येत होता. १८३० सालीं दक्षिण इंग्लंडांत शेतमजुरांनीं मळणीयंत्रें मोडलीं, गंजी जाळल्या. इतकी मदत देऊनहि हे लोक उठतातच, तेव्हां मदतीनेंच ते बिघडले असले पाहिजेत, असा निष्कर्ष सधन वर्गानें काढला. मजुरी अपुरी असल्यामुळें ते उठले असतील, हा दुसरा निष्कर्ष फारसा कोणी काढला नाहीं.

१८३२ सालीं राजाज्ञेनें चौकशीचें कमिशन नेमलें गेलें. त्याचा अहवाल १८३४ त प्रसिद्ध झाला. तो मुख्यत्वें नासॉ सीनियर हा अर्थशास्त्रज्ञ व एडविन चॅडविक या दोघांच्या हातचा होता. देशांतील सुमारें पंधरा हजार पॅरिशांपैकीं सुमारें तीन हजारांना कमिशनच्या साहाय्यकांनीं भेटी दिल्या, शिवाय लेखी प्रश्नावलीहि पाठविल्या. उत्तरांचीं जाडजूड परिशिष्टें छापलीं गेलीं. अहवालानें सांगितलें कीं, भत्त्यामुळें मजुरी घसरली, मजूर आळशी व उद्धट झाले, तरुणांनीं अकालीं लग्नें केलीं, आणि कष्टाळू माणसाचा स्वाभिमान नाहींसा झाला. त्याच वर्षीं पार्लमेंटनें नवा कायदा केला. यापुढें धडधाकट माणसाला घरबसल्या मदत नाहीं. मदत हवी तर दरिद्राश्रमांत यावें, आणि तेथील जिणें बाहेरच्या अत्यंत गरीब मजुराच्या जिण्याहूनहि कमी सुखाचें असावें, हें त्या कायद्यामागचें सूत्र होतें.

या सूत्राचा अर्थ कुटुंबाला काय झाला, तो पाहावा. आश्रमाच्या दारांत नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे व मुलें तिसरीकडे अशी वांटणी होई. ज्या मुलांच्या पोटासाठीं घर मोडून यावयाचें त्या मुलांपासूनच आईबापांची ताटातूट होई. डिकन्सची ‘ऑलिव्हर ट्विस्ट’ ही कादंबरी १८३७ पासून प्रसिद्ध होऊं लागली, ती या आश्रमांविरुद्धच्या संतापांतून. १८४५ त अँडोव्हर येथील आश्रमांत हाडें फोडण्याच्या कामास लावलेले भुकेले लोक त्या हाडांवरचें उरलेंसुरलें मांस व आंतला मगज खातात असें उघडकीस आलें, आणि साऱ्या देशाला लाज वाटली. तरीहि सूत्र टिकलें. सर्व ठिकाणीं तें कडकपणें पाळलें गेलें नाहीं, घरबसल्या मदतहि पुष्कळ पॅरिशांतून गुपचूप चालू राहिली; परंतु गरिबाला दिलेला पैसा त्याला बिघडवितो ही समजूत आतां शास्त्र म्हणून मिरवूं लागली.

हें शास्त्र आपल्या दारापर्यंतहि आलें होतें. माल्थस हा १८०५ पासून १८३४ त त्याचा अंत होईपर्यंत हेलीबरी येथील ईस्ट इंडिया कंपनीच्या कॉलेजांत इतिहास व अर्थशास्त्र यांचा प्राध्यापक होता. हिंदुस्थानांत कारभार करण्यासाठीं निघालेल्या तरुणांच्या कित्येक पिढ्या त्या कॉलेजांतून बाहेर पडल्या. १८७६–७८ च्या दक्षिणेंतील दुष्काळांत हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधि म्हणून आलेले सर रिचर्ड टेंपल यांनीं दुष्काळी कामावरील मजुराचें रोजचें अन्न एक पौंड धान्य व वर थोडीशी चिल्लर इतकें खालीं आणण्याचा आग्रह धरला. मुंबई इलाख्यांत ही कपात होतांच हजारों मजूर कामें टाकून निघून गेले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनें सरकारकडे वारंवार अर्ज करून त्या मापाचा निषेध केला. १८८० च्या दुष्काळ कमिशननें पुढें स्पष्टच बजावलें कीं, दुष्काळांत मदत मागण्याचा गरिबांना हक्क आहे असें एकदां मान्य केलें तर तो हक्क सर्वकाळ आहे असें मानण्याची पाळी येईल, आणि तो परिणाम कमिशनला भयावह वाटतो. खडी फोडणाऱ्या दख्खनच्या कुणब्यानें स्पीनहॅमलंडचें नांवहि ऐकलें नव्हतें. पण त्याच्या ओंजळींतील धान्य मोजणारें माप ज्या विचारांतून निघालें होतें त्यांत १८३४ च्या इंग्लंडचा वांटा होता.

इंग्लंडांत या विचाराला पहिला मोठा धक्का बसला तो आंकड्यांनीं. सीबोम राऊन्ट्री यांनीं यॉर्क शहराची घरोघर पाहणी करून १९०१ सालीं आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. शहराच्या लोकसंख्येपैकीं २७.८४ टक्के लोक दारिद्र्यांत आहेत असें त्यांना आढळलें. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, मजुराच्या आयुष्यांत दारिद्र्य तीन वेळां येतें: तो स्वतः मूल असतांना, त्याचीं मुलें लहान असतांना, आणि म्हातारपणीं. म्हणजे दारिद्र्य ही आळशी माणसांच्या एखाद्या वेगळ्या जातीची खूण नसून मजूरवर्गाच्या बहुतेक घरांतून फिरणारें तें एक चक्र आहे. आणि त्या चक्रांतील तिघां बळींपैकीं पहिला बळी मूल, दुसरा त्या मुलाचा बाप किंवा आई. मजुरी आणि तोंडें यांची जी तफावत पेलिकन सराईंत अंदाजानें ओळखली गेली होती ती आतां कागदावर सिद्ध झाली.

त्यावर उपाय सुचविणारी स्त्री लिव्हरपूलची होती. एलिनॉर रॅथबोन (१८७२–१९४६) हें नांव आपल्याकडे ‘इंडियन मिनोटॉर’ या बालविवाहावरील १९३४ च्या पुस्तकामुळें ऐकिवांत आहे. त्या विषयांतील त्यांचा गुरुपणाचा सूर आपल्याकडील सुशिक्षित स्त्रियांना रुचला नव्हता, आणि तो रुचण्यासारखाहि नव्हता. पण स्वतःच्या देशांत त्यांनीं केलेलें काम निराळ्या तोलाचें आहे. पहिल्या महायुद्धांत सैनिकांच्या बायकांना सरकारकडून मुलांच्या संख्येप्रमाणें भत्ता मिळत असे, आणि लिव्हरपूलमधील त्या वांटपाचें काम रॅथबोन पाहत होत्या. पैसा थेट आईच्या हातीं पडूं लागल्यावर घरांत काय होतें, हें त्यांनीं हजारों घरांत जवळून पाहिलें. १९२४ सालीं त्यांनीं ‘वारसा हिरावलेलें कुटुंब’ अशा अर्थाच्या नांवाचा ग्रंथ लिहिला. त्यांचें म्हणणें असें कीं, अर्थशास्त्रज्ञांनीं जमीन, भांडवल व मजुरी यांचा वांटा ठरविला, पण पुढची पिढी वाढविण्याचें जें काम आई करते त्याचा वांटा कोणींच धरला नाहीं. तो वांटा राष्ट्रानें द्यावा, आणि तो भीक म्हणून देऊं नये.

वीस वर्षें हा आवाज एकाकी होता. मजूर-संघांना भीति होती कीं, मुलांसाठीं भत्ता मिळूं लागला कीं मालक मजुरी कापतील. सनातन्यांना भीति होती कीं बापाची जबाबदारी सुटेल. अखेर दुसऱ्या महायुद्धांत बेव्हरिज यांच्या १९४२ च्या अहवालानें ही कल्पना उचलून धरली. या बेव्हरिजांचा जन्म बंगालमधील रंगपूरचा, हीहि एक लक्षांत ठेवण्यासारखी गोष्ट. १९४५ सालीं बिल पार्लमेंटपुढें आलें तेव्हां त्यांत पैसा बापाला द्यावा असें लिहिलेलें होतें. बहात्तर वर्षांच्या रॅथबोन उभ्या राहिल्या आणि त्यांनीं सांगितलें कीं, असें होणार असेल तर ज्या बिलासाठीं आपण आयुष्य वेंचलें त्याच्या विरुद्ध आपण मत देऊं. सभागृहाला मत देण्याची मोकळीक मिळाली व पैसा आईच्या नांवें झाला. पहिलें मूल सोडून पुढच्या प्रत्येक मुलामागें आठवड्यास ५ शिलिंग, असा तो भत्ता ६ ऑगस्ट १९४६ पासून सुरू झाला. त्याच वर्षीं जानेवारींत रॅथबोन निवर्तल्या होत्या.

या भत्त्यांत आणि स्पीनहॅमलंडच्या कोष्टकांत एक मोठें अंतर होतें, आणि त्या अंतरांतच पुष्कळसें शहाणपण सांठलेलें आहे. १७९५ ची मदत मजुरीची तूट भरण्यासाठीं होती. मजुरी कमी झाली कीं मदत वाढे. अशा योजनेंत मालकाला मजुरी दाबून धरण्याचा मोह होणें अगदींच अशक्य नाहीं, कारण फरक पॅरिश भरणार हें तो जाणून असतो. १९४५ चा भत्ता मुलाचा होता. बापाची मजुरी चढो वा उतरो, तो तसाच राहावयाचा. मालकाला त्यांत हात घालण्यास जागा नव्हती, आणि दारिद्र्याची परीक्षा घेण्यासाठीं कोणा अधिकाऱ्याला घरांत शिरण्याचेंहि कारण नव्हतें.

इकडे १८३४ च्या अहवालाची प्रतिष्ठा मात्र अढळ होती. विशेष असें कीं, भांडवलशाहीचे पुरस्कर्ते व तिचे टीकाकार या दोघांचेंहि या एका बाबतींत एकमत होतें. कार्ल पोलान्यी यांच्या १९४४ च्या प्रसिद्ध ग्रंथांत बाजारपेठेच्या तत्त्वज्ञानावर कठोर प्रहार आहेत. पण स्पीनहॅमलंडनें मजुराची रया घालविली ही कथा त्यांनींहि जवळजवळ अहवालाच्या शब्दावरच स्वीकारली. शेवटीं १९६३–६४ सालीं मार्क ब्लॉग या अर्थशास्त्रज्ञानें एक साधी गोष्ट केली. कमिशननें छापलेलीं परिशिष्टें त्यानें उघडलीं आणि त्यांतील उत्तरांची मोजदाद केली. ही मोजदाद कमिशननें स्वतः कधीं केलीच नव्हती. अहवालांत निवडक किस्से होते, सारणी नव्हती. ब्लॉगला असें दिसलें कीं, मजुरीला जोडभत्ता देण्याची पद्धत १८३२ पर्यंत पुष्कळ ठिकाणीं बंद पडली होती. जें उरलें होतें तें बहुतांशीं मोठ्या कुटुंबाला तिसऱ्या-चौथ्या मुलापासून मिळणारें थोडेसें साहाय्य होतें. जेथें मजुरी आधींच तुटपुंजी आणि हिंवाळ्यांत काम नाहीं, तेथें भत्ता होता. भत्ता हा रोगाचें कारण नसून रोगावरचा लेप होता. आयर्लंडांत १८३८ पर्यंत दरिद्री-साहाय्याचा कायदाच नव्हता, तरी तेथील लोकसंख्या झपाट्यानें वाढलीच, हेंहि त्यानें निदर्शनास आणलें.

ब्लॉगच्या मागून आलेल्या संशोधकांनीं त्याचें सर्वच म्हणणें मान्य केलें असें नाहीं. जॉर्ज बॉयर यांनीं १९९० च्या आपल्या ग्रंथांत मुलांच्या भत्त्याचा जन्मप्रमाणावर कांहीं परिणाम झाला होता असें आंकड्यांनीं दाखविलें आहे, आणि त्याकडे डोळेझांक करणें इतिहासाच्या अभ्यासकाला शोभणार नाहीं. परंतु कांहीं परिणाम होणें निराळें, आणि एका राष्ट्राचा मजूरवर्ग भत्त्यानें भ्रष्ट झाला असें ठरविणें निराळें. दुसऱ्या विधानाला परिशिष्टांत आधार सांपडत नाहीं.

ब्लॉगच्या लेखाला सहा वर्षेंहि झालीं नव्हतीं तोंच या जुन्या कथेनें अमेरिकेंत डोकें वर काढलें. १९६९ सालीं अध्यक्ष निक्सन मुलें असलेल्या प्रत्येक गरीब कुटुंबाला उत्पन्नाची हमी देण्याचा विचार करीत होते. त्या एप्रिलांत त्यांचे एक सल्लागार मार्टिन अँडरसन यांनीं योजनेच्या विरोधांत एक टिपण तयार केलें. त्याचा मुख्य भाग म्हणजे पोलान्यी यांच्या ग्रंथांतील स्पीनहॅमलंडविषयक उतारे. अध्यक्षांनीं त्याची इतकी दखल घेतली कीं, हा इतिहास खरा आहे कीं काय याची चौकशी करावयास त्यांनीं सांगितलें. तरी ८ ऑगस्ट १९६९ रोजीं त्यांनीं योजना जाहीर केली. चौघांच्या निरुत्पन्न कुटुंबाला वर्षाला १,६०० डॉलर मिळावयाचे. कुटुंब कमावूं लागलें तर कमाईचा कांहीं भाग सोडून उरलेल्या प्रत्येक डॉलरमागें मदतींतून अर्धा डॉलर कमी व्हावयाचा. १६ एप्रिल १९७० रोजीं प्रतिनिधिगृहानें २४३ विरुद्ध १५५ मतांनीं तें बिल संमत केलें. सीनेटच्या अर्थसमितींत तें अडकलें. एका पक्षाला रक्कम फार वाटली, दुसऱ्याला फार थोडी. गरिबांच्या हक्कांसाठीं झगडणारी संघटना तर ५,५०० डॉलर मागत होती. १९७२ त योजना कायमची निकालांत निघाली. त्या वर्षींच्या कायद्यानें वृद्ध, अंध व अपंग यांना मात्र राष्ट्रीय उत्पन्न-हमी मिळाली. ज्यांच्यावर आळसाचा आरोप करतां येत नाहीं ते दारांतून आंत गेले. मुलें बाहेर राहिलीं, कारण त्यांच्यामागें आरोप करण्यास त्यांचे आईबाप उभे होते.

निकाल एकट्या स्पीनहॅमलंडमुळें लागला असें आम्ही म्हणत नाहीं. राजकारणाचे धागे पुष्कळ असतात. पण १८३४ च्या परिशिष्टांसारखाच प्रकार याच सुमारास कॅनडांत पुन्हां घडला, तो पाहिला म्हणजे माणसाचा स्वभाव लक्षांत येतो. मॅनिटोबा प्रांतांतील डॉफिन या गांवीं १९७४ पासून एक प्रयोग आरंभिला होता; ज्या कोणा कुटुंबाचें उत्पन्न ठराविक मर्यादेखालीं जाईल त्याला तूट भरून मिळावयाची. सरकारें बदललीं, पैसा संपला, १९७९ त प्रयोग गुंडाळला गेला आणि जमविलेले कागद न तपासतां खोक्यांत बंद करून ठेवण्यांत आले. तीस वर्षांनंतर एव्हलिन फॉर्जे या विदुषीनें गांवच्या आरोग्याच्या नोंदी तपासून २०११ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रयोगाच्या काळांत गांवकऱ्यांचें इस्पितळांत दाखल होण्याचें प्रमाण तुलनेसाठीं घेतलेल्या लोकांपेक्षां ८.५ टक्क्यांनीं घटलें होतें. शाळेच्या शेवटच्या इयत्तेपर्यंत टिकणाऱ्या मुलांची संख्या वाढली होती. ज्या गोष्टीचें माल्थसला भय होतें ती, म्हणजे जननप्रमाणांतील वाढ, दिसली नाहीं.

आणखी एक अलीकडचा दाखला देऊन हें पुराण पुरें करूं. १९६९ त जें हुकलें तें अमेरिकेनें २०२१ सालीं एका वर्षापुरतें करून पाहिलें. मुलांसाठीं असलेली करसवलत वाढवून सहा वर्षांखालील मुलामागें ३,६०० व त्यावरच्या मुलामागें ३,००० डॉलर केली, ज्यांचें उत्पन्न शून्य आहे अशा घरांनाहि ती पूर्ण दिली, आणि जुलै ते डिसेंबर दर महिन्याला तिचे हप्ते आईबापांच्या खात्यांत जमा केले. सरकारी साहाय्य हिशेबांत धरणाऱ्या मापानें त्या वर्षीं मुलांमधील दारिद्र्य ५.२ टक्क्यांवर आलें. वर्ष संपलें, सवलत संपली, आणि १९२२ नव्हे तर २०२२ सालीं, जगांतील सर्वांत श्रीमंत देशांत, तेंच प्रमाण १२.४ टक्के झालें. ही योजना पुढें चालूं नये म्हणून जे युक्तिवाद झाले त्यांत नवीन असें फारच थोडें होतें: फुकटचा पैसा आला कीं लोक काम सोडतील, पैसा भलतीकडे उधळतील, घर बिघडेल. १८३४ च्या अहवालाची पानें उलटणाऱ्याला हे आरोप ओळखीचे वाटतात.

या सव्वादोनशें वर्षांच्या कहाणींतून आम्हांस जें दिसतें तें एवढेंच. गरिबांविषयींची साक्ष बहुधा गरिबांखेरीज इतरांनींच दिलेली असते. १८३२ च्या प्रश्नावलीचीं उत्तरें धर्मोपदेशकांनीं, पॅरिशच्या कारभाऱ्यांनीं व शेतमालकांनीं लिहिलीं. ज्या आईनें तो पाव कापून चार मुलांत वांटला तिला कोणीं प्रश्न पाठविला नव्हता. करदात्याचा त्रास खरा असेल, कारभाऱ्याची तक्रारहि खरी असेल. पण ती एका बाजूची कैफियत आहे, आणि तिलाच निकालपत्र समजून चार पिढ्यांनीं आपलें धोरण आंखलें. रॅथबोन यांचें मोठेपण इतकेंच कीं, त्यांनीं दुसऱ्या बाजूची साक्ष लिव्हरपूलच्या घराघरांतून गोळा केली. फॉर्जे यांनीं तीच साक्ष आरोग्याच्या नोंदींतून काढली. या दोन्ही ठिकाणीं साक्षीचा सूर १८३४ च्या अहवालाहून फार निराळा निघाला.

उत्पन्नाची हमी कितीची असावी, सर्वांना द्यावी कीं गरजूंनाच, तिजोरीला ती कितपत झेपेल, हे प्रश्न खरे आहेत व प्रत्येक देशानें ते आपापल्या बळाप्रमाणें सोडवावयाचे आहेत. चांगल्या हेतूनें केलेली योजना वाईट रचनेनें बिघडते, हेंहि पेलिकन सराईच्या कोष्टकानें दाखवून दिलें आहे. परंतु रचनेची चर्चा करणें वेगळें आणि घेणाऱ्याच्या शीलाविषयीं आधींच निकाल देऊन बसणें वेगळें. अशा एखाद्या योजनेवर आपल्याकडे वाद निघेल तेव्हां फुकट दिलें कीं माणसें बिघडतात हें वाक्य कोणीतरी उच्चारील. तें अनुभवाचें बोल म्हणून उच्चारलें जाईल, आणि ऐकणाराहि मान डोलवील. त्या वेळीं हा अनुभव कोणाचा, तो कोणीं लिहून ठेवला आणि परिशिष्टांत काय आहे, एवढें विचारण्याची संवय सुशिक्षित घरांत लागली तरी इतिहास वाचल्याचें कांहीं सार्थक झालें असें आम्ही समजूं.